नामदेवच्या स्टुलावर

माझ्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना एका दुपारी कापड कळेनासं झालं.

मी सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये चेकिंगला आहे. आमचं टेबल उतरतं असतं. वर दुधी काच, काचेखाली दोन ट्यूबलाइट. छापून आलेला कापडाचा ताका त्या काचेवरून सरकवायचा. उजव्या हातानं ओढायचं, डावं कोपर टेबलाच्या लाकडी कडेवर टेकवून पंजा कापडावर पसरायचा. डाग डोळ्यांना दिसतो, पण गाठ, जाड धागा, विणीतली चूक ही आधी बोटांना लागते. चूक सापडली की काठाला लाल दोरा बांधायचा. दोरे जास्त झाले की तो ताका 'फ्रेश'मधून निघतो आणि 'सेकंड'मध्ये जातो. सेकंड माल वेगळ्या कोपऱ्यात रचतात.

त्या दुपारी कापड सरकत होतं आणि तीन बोटं नेहमीसारखी बोलत होती. बाकीची दोन गप्प. खालून उजेड येत असल्यामुळे पंजाची कड लाल दिसते आणि मधला भाग काळा. मी पाहत राहिलो. शेवटची दोन बोटं माझ्या हाताला लागूनच होती, पण कुणीतरी शेजारी बसून आपली दोन बोटं माझ्या बोटांजवळ ठेवावीत तशी वाटत होती. मी हात झटकला. तीही झटकली गेली.

आता जे लिहितो ते त्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं. मला आश्चर्य वाटलं नाही. मी तीन वर्षं वाट बघत होतो.

एक गादी

सुमन, माझी बायको, आणि मुलगी छाया सुरतेला यायच्या आधी मी पांडेसऱ्यातच एका खोलीत राहायचो. आठ माणसं, सगळी खान्देशातली, आणि गाद्या चार. मिलमध्ये बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. एक जण कामावर असतो तेव्हा दुसरा त्याच्या गादीवर झोपतो. माझ्या गादीचा दुसरा माणूस नामदेव. तो नंदुरबारकडचा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. तो चेकिंगला, मी फोल्डिंगला.

चार वर्षं आम्ही एका गादीवर झोपलो आणि एकमेकांना झोपलेलं कधी पाहिलं नाही. गादीत त्याच्या अंगाचा खळगा होता. मी आडवा झालो की त्या खळग्यातच जायचो, आणि तो अजून गरम असायचा. पाळी बदलताना मिलच्या फाटकात भेट व्हायची. मी आत, तो बाहेर. रोज तो एकच थट्टा करायचा, "गादी तापाडी ठेवी का रे?" मी हो, गरम आहे म्हणायचो. तेवढंच बोलणं.

एका रविवारी त्यानं मला बाजूला घेतलं. त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली होती. अंगावर चट्टा नव्हता, काही नव्हतं. म्हणाला, मोठ्या दवाखान्यात जातो, एकट्याला भीती वाटते, तू येशील का? कुणाला बोलू नको. मी येतो म्हणालो.

आमच्या लोकांत बधिर या शब्दाचा एकच अर्थ, महारोग. मी त्याच्यासोबत गेलो नाही. मी खोलीत सांगितलं. माझ्याही अंगाला ती गादी लागते म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला पटवलं. खोलीनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो रातपाळीवर असताना गादी उकिरड्यावर टाकली, त्याची पेटी पायरीवर ठेवली. मी दिवसपाळीला निघालो. फाटकात तो भेटला. थकलेला होता, तरी रोजचंच विचारलं, "गादी तापाडी ठेवी का रे?"

मी हो म्हणालो आणि आत गेलो.

तो त्याच दिवशी गावी गेला. आठवड्याभरात सुपरवायझर कांतिभाईंनी मला त्याच्या स्टुलावर बसवलं. पगार वाढला. मी भेस्तानला खोली घेतली, सुमनला आणि छायाला आणलं. म्हणजे आमचा संसार त्या स्टुलावर उभा राहिला.

तपासणी

प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत गाठोडी बांधून पळालं, तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. तेव्हा सगळ्यांना एकच भीती होती आणि ती मोठ्यानं बोलता येत होती. ही भीती माझी एकट्याची होती. हा तोच आजार असेल तर जे नामदेवचं झालं तेच माझं होणार. काम जाणार, घर जाणार, आणि छाया मला लांबून बघणार. बाकी कशाची भीती नव्हती. एवढीच होती.

मी स्वतःला तपासायला लागलो. काम तेच, फक्त ताका मी.

जेवणाच्या सुट्टीत संडासात जाऊन सेफ्टी पिनेनं टोचून बघायचो. जिथं कमी लागलं तिथं बॉलपेननं गोल काढायचा. दुसऱ्या दिवशी तो गोल वाढला का बघायचं. आंघोळीचं गरम पाणी आधी एका हातावर, मग दुसऱ्या हातावर. मिलमध्ये एकदा तपासणीला आलेली माणसं कोपराच्या मागची नस चाचपून बघतात हे मी पाहिलं होतं. त्यांना नस जाड लागली की संशय येतो. मी ती नस शोधली आणि दाबली. दाबली की बोटांपर्यंत करंट जायचा. मग परत दाबायची, मघाशी जास्त होता की आत्ता जास्त हे बघायला. सायकलवर, रांगेत, जेवताना. उजवा हात डाव्या कोपराला लागलेला असा माझा फोटो कुणीही काढू शकला असता.

दोन महिन्यांत आजार पसरला. डाव्या तळपायाला मुंग्या आल्या. मग गालाला कोळ्याचं जाळं लागल्यासारखं व्हायला लागलं. मी हातानं पुसायचो, तिथं काही नसायचं. पोटरीत बारीक काहीतरी फडफडायचं. मी लुंगी वर करून बघायचो तर कातडीखाली खरंच हलताना दिसायचं. म्हणजे मी कल्पना करत नव्हतो. हे मला सगळ्यांत भयंकर वाटायचं.

आणखी एक सांगतो, हसू नका. भेस्तानच्या खोलीत आमच्या स्वतःच्या, नव्या गादीवर मी सुट्टीच्या दुपारी पडलो की ती मला गरम लागायची. घरात कुणी झोपलेलं नसायचं. सुमनला विचारलं तर म्हणाली, पत्र्याची खोली आहे, एप्रिल आहे, गरम लागणार नाही तर काय. मला ते पटलं नाही. मी फरशीवर, दाराजवळ झोपायला लागलो. वेगळं ताट घेतलं, कारण विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो. छाया नऊ वर्षांची. ती वही घेऊन जवळ येऊन बसायची, मी उठून बाहेर जायचो. तिनं शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं की पप्पांनी माझ्याशी कट्टी केली आहे.

एका सकाळी कांतिभाई मागून आले आणि मला "नामदेव" म्हणून हाक मारली. तीन वर्षांनी. मी वळलो तसे ते चपापले. म्हणाले, "अरे, तू छे. बैठो एम ज ने, पेला नी जेम." तू बसलास पण तसाच, त्याच्यासारखा. ते हसून गेले. मी खाली बघितलं. टेबलाच्या लाकडी कडेवर माझं कोपर ज्या जागी होतं तिथं लाकूड झिजून एक गुळगुळीत खळगी झाली होती. कोपर त्यात बरोब्बर बसत होतं. मला ती खळगी रोज दिसत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. त्यानंतर मी स्टुलावर बसलो की आपण कुणाच्यातरी आत बसतो आहोत असं वाटायचं.

डॉक्टर

पहिल्या डॉक्टरनं ताकदीच्या सुया दिल्या. दुसऱ्यानं मानेचा एक्स-रे काढला आणि मानेत थोडं आहे म्हणाला. साखर तपासली, नव्हती. मग मी धीर करून शहरातल्या एका चामडीच्या डॉक्टरकडे गेलो, मिलपासून लांब, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही. त्यानं पिसानं, पिनेनं तपासलं, कानाची पाळी खरवडून काचेवर घेतली. मग विचारलं, घरात, शेजारी, सोबत राहणाऱ्यांत कुणाला हा आजार होता का?

मी नाही म्हणालो.

काच स्वच्छ आली. काही नाही, बिनधास्त जा, असं तो म्हणाला. मी पायऱ्या उतरेपर्यंत खूश होतो. रस्त्यावर आलो आणि वाटलं, त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं जास्त नीट बघितलं असतं. मी खोटं बोललो म्हणून काच स्वच्छ आली.

ज्यांना माझ्यासारखा भीतीचा आजार आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. माझी गोष्ट वेगळी असेल, पण तुम्हीही डॉक्टरपासून काहीतरी झाकून ठेवलं असेल तर त्याचा कुठलाच रिपोर्ट तुम्हाला पुरणार नाही. मी आणखी दोघांकडे गेलो. दोघांनी तोच प्रश्न विचारला. दोघांना मी नाही म्हणालो. दोघांनी काही नाही म्हणून सांगितलं, आणि मी त्यांना मनात अडाणी ठरवलं.

मिलमध्ये मात्र उलटं झालं. मला सगळ्या ताक्यांत चुका सापडायला लागल्या. मी इतके दोरे बांधले की कांतिभाईंनी एकदा सेकंडच्या थप्पीकडे बोट दाखवून विचारलं, शेठनं मिल बंद करावी का?

सुमन

सुमनला पेनाचे गोल दिसले. मी शर्ट काढून मोरीत बसलो होतो आणि दार नीट लागलं नव्हतं. दंडावर, पोटावर, मांडीवर गोल. काहींत तारीख. ती ओरडली नाही. माझ्यासमोर पाटावर बसली. ती गावाकडचीच बोली बोलते, रागात असली की जास्तच.

"तुम्हले काय व्हई ऱ्हायनं ते सांगा. मी काय आंधळी शे का?"

मी सांगितलं. आजाराबद्दल सांगितलं, नामदेवबद्दल नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, माझ्या खिशातलं पेन आणि पिन घेऊन आली, बाही वर केली आणि म्हणाली, आता मला टोचा. डोळे बंद करते. लागलं की सांगते.

मी टोचलं. दंडाला लागलं. कोपराच्या जाड कातडीला लागलं नाही. तळहातावर, जिथं तवा-चिमट्यानं घट्टे पडलेत तिथं दोनदा लागलं नाही. टाचेला तर पिन वाकली. मी प्रत्येक ठिकाणी गोल काढला. तिनं डोळे उघडून आपला हात बघितला.

"हे घ्या. माले तर तुम्हनापेक्षा जास्ती शे."

छाया दारात उभी होती. तिला वाटलं खेळ चाललाय. तिनंही हात पुढे केला आणि माझ्यावर पण काढा म्हणाली. मी पेनानं तिच्या मनगटावर एक गोल काढला. तिनं त्याचं घड्याळ केलं. चार महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हात लावला होता. त्या दिवशी मला बरं वाटलं, पण ते दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी सुमनचा घट्टे पडलेला हात बघून मला वाटलं, हिला पण आजार लागलाय. माझ्यामुळे.

हे सुमनला बोललो तेव्हा मात्र ती रडली. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीकडून एका सरकारी दवाखान्याची माहिती आणली. तिथं एक बाई डॉक्टर होत्या, खेड्यापाड्यांतून याच आजाराच्या तपासणीत त्यांची वर्षं गेली होती. सुमन म्हणाली, मी सोबत येणार, आणि आत पण येणार.

खळगी

सकाळी आठला नंबर लावला, साडेअकराला आत गेलो. बाकावर शेजारी एक माणूस होता, त्याच्या पायाला बोटं नव्हती. तो शांतपणे शेंगदाणे खात होता. त्यानं मला दिले. मी घेतले नाहीत. हे पण लिहायला हवं.

बाई पन्नाशीच्या, गुजराती, माझ्याशी हिंदीत बोलत होत्या. त्यांनी हात बघितला, नस बघितली. दाबल्यावर मी दचकलो तेव्हा त्यांनी विचारलं, इथं रोज दाबता का? सुमन म्हणाली, दिवसभर. बाईंनी माझे रिपोर्ट बाजूला ठेवले. काम काय करता ते विचारलं. मग म्हणाल्या, कसं बसता ते दाखवा.

त्यांच्या टेबलावर चादर अंथरून मला स्टुलावर बसवलं. मी लाजत बसलो. उजव्या हातानं चादर ओढली, डावं कोपर कडेवर टेकवलं. त्या बघत राहिल्या.

"हे कोपर बारा तास असंच?"

"हो. तिथं जागाच आहे त्याची. लाकडात खळगी आहे."

"ती खळगी तुम्ही पाडलीत?"

"नाही."

"मग कुणी?"

बाहेर नंबर पुकारत होते. इतक्या डॉक्टरांनी घरात कोण, शेजारी कोण असं विचारलं होतं. लाकडाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून माझ्याकडे खोटं तयार नव्हतं. सुमन माझ्याकडे बघत होती. ती एकच शब्द बोलली, "सांगा."

मी सांगितलं. नामदेव, गादी, पेटी, फाटक. बाईंनी मध्ये अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, त्याची कुठली बोटं?

"हीच दोन."

"फक्त ही दोन? चट्टा?"

"नव्हता."

"आणि त्याला हा आजार आहे हे कुणी ठरवलं?"

"आम्हीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, न बघितलेल्या माणसाबद्दल मी काही सांगणार नाही. तुमच्याबद्दल सांगते. कोपराच्या त्या खाचेतून एक नस जाते, ती याच दोन बोटांना जाते. कडेवर वर्षानुवर्षं दाबली की बोटं झोपतात. त्यात तुम्ही दिवसभर वरून चाचपता. दोन महिने कोपर टेकवू नका आणि हात लावू नका. मग या. पायाचं, गालाचं विचारलं तर म्हणाल्या, त्याचं कारण मला सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणजे मोठं काही लपलंय असं नाही. माणूस सतत आत कान लावून बसला की बरंच काही ऐकू येतं.

उठताना त्या आणखी एक बोलल्या. "आणि असता त्याला महारोग, तरी काय? गोळ्या फुकट मिळतात, माणूस बरा होतो. तुम्ही त्याच्यासोबत इथं यायचं होतं, एवढंच."

बाहेर आलो. बसमध्ये सुमन खिडकीकडे तोंड करून म्हणाली, आपण भेस्तानला आलो तेव्हा मी त्या माणसाच्या जागेवर आले होते, आणि हे मला तुम्ही तीन वर्षं कळू दिलं नाही. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आजारपणात ती माझ्यापासून लांब गेली नाही. खरं कळल्यावर गेली.

बोटं

कांतिभाईंना सांगून मी टेबलाच्या कडेला फोम ठोकून घेतला आणि उभ्यानं काम करायला लागलो. कोपराला झोपताना टॉवेल गुंडाळायचो. चाचपणं सोडणं सगळ्यांत अवघड गेलं. उजवा हात आपोआप तिकडे जायचा. छायाला मी पाळत ठेवायला सांगितलं होतं. ती "पप्पा, हात" म्हणायची आणि मी हात खाली घ्यायचो. घरात ते एक नवीन गाणंच झालं.

सहाव्या आठवड्यात करंगळीला कापड कळलं. अगदी पुसट, दोन पदरांखालून कळावं तसं. मी टेबलापाशी उभा राहून तेच वारभर कापड पुन्हा पुन्हा सरकवलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. पण त्याच क्षणी कळलं की नामदेवची बोटंही अशीच परत आली होती, आणि हे मला आजच कळत नव्हतं.

मला ते आधीपासून माहीत होतं. आता ते लिहितो.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी त्याची चिठ्ठी आली होती. मिलच्या पत्त्यावर, माझ्या नावानं. लिहिलं होतं की बोटं आता चांगली झाली. कापूस वेचतो, काही त्रास नाही. तू खोलीत सांग आणि कांतिभाईंना सांग, म्हणजे मी येतो. तू माझा भाऊ आहेस. ती चिठ्ठी मी त्याच स्टुलावर बसून वाचली. सुमन आणि छाया त्याच आठवड्यात सुरतेला आल्या होत्या, छायाचं नाव शाळेत घातलं होतं. मी चिठ्ठीचे तुकडे केले आणि चिंधीच्या पोत्यात टाकले. कुणाला काही सांगितलं नाही. मग मनात एक गोष्ट रचली की हा आजार असा थोडा बरा होतो आणि परत येतो. ती गोष्ट मी इतक्या वेळा स्वतःला सांगितली की शेवटी ती माझ्याच हातात येऊन बसली.

मी चिठ्ठीचं बोललो असतो, म्हणजे टेबल सुटल्यावर त्याची बोटं बरी झाली हे, तर पहिल्याच डॉक्टरला टेबल सापडलं असतं. वर्षभर मी ज्या उत्तरासाठी फिरलो ते माझ्याकडेच होतं. फक्त ते सांगितलं तर मी कोण हे पण सांगावं लागलं असतं.

सुमनला हे सांगितलं. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग?

पथारी

नंदुरबारला उतरून मी त्याच्या गावी गेलो. लोकांनी त्याचं घर दाखवलं नाही, मिरचीची पथारी दाखवली. गावाबाहेर माळावर मिरची वाळत टाकलेली, नजर जाईल तिथपर्यंत लाल, आणि मध्ये कुणी नाही. दुपारची वेळ होती. वाऱ्यानं ठसका लागत होता. पलीकडच्या टोकाला बायकांचा घोळका देठं खुडत होता, आणि या टोकाला एकटा माणूस बसला होता. मधे पुष्कळ जागा सोडलेली होती. सुरतेची बातमी त्याच्या आधी गावात पोचली होती आणि चार वर्षं झाली तरी ती तिथंच होती.

तो दोन्ही हातांनी देठं खुडत होता. डावी करंगळी इतरांसारखीच चालत होती. मला बघून तो उठला नाही.

"तू कसाकाय उना?"

"तुले भेटाले."

"चिठ्ठी भेटनी व्हती का?"

"भेटनी व्हती."

त्यानं मान हलवली आणि पुढची मिरची घेतली. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. मी टेबलाचं सांगायला लागलो, खळगीचं, दवाखान्याचं, बाई काय म्हणाल्या त्याचं. अर्ध्यावर त्यानं मला थांबवलं.

"माले काय सांगस? बोटं बरी व्हयनी तवयच माले समजनं. ज्यासले माहीत नही त्यासले सांग."

त्यानं मांडीवरची देठं झटकली, चपला घातल्या आणि गावाकडे चालायला लागला. मागे वळून बघितलं नाही. मी त्याच्या मागे गेलो.

पहिलं घर त्याच्या सख्ख्या भावाचं. नामदेवच्या घराला भिंतीनं लागून होतं, पण मधलं दार विटांनी बुजवलेलं. भाऊ ओट्यावर बसला होता, भावजय आत. नामदेवनं मला पुढे केलं आणि म्हणाला, हा सुरतेचा, माझ्या गादीवरचा, याला बोलायचंय. मी उभ्यानंच सुरुवात केली. माझं नाव सांगितलं. याला कुठलाही आजार नव्हता म्हणालो, आणि असता तरी आम्ही केलं ते चूकच होतं म्हणालो. बातमी मी पसरवली, चिठ्ठी मी फाडली. शेजारची माणसं जमायला लागली. माझा घसा मिरचीनं बसला होता, आवाज नीट फुटत नव्हता.

भावानं शेवटपर्यंत ऐकलं. मग नामदेवकडे बघून म्हणाला, "हात दखाड."

सगळे त्याच्या हाताकडे बघायला लागले. मीही बघितलं. बरा झालेला हात होता, दाखवला असता की तिथंच सगळं मिटलं असतं. नामदेवनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हात नही दखाडाव. हाऊ सांगी ऱ्हायना ना. याले ऐका."

आणि माझ्याकडे वळून म्हणाला, पुन्हा सांग. मोठ्यानं सांग, मागच्यांना ऐकू आलं नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.